डग्गा गेला कुठे?

टीव्ही आपण डोळ्यांनी विकत घेतो. दुकानात भिंतभर लावलेल्या पडद्यांवर बर्फाचे डोंगर, पोपट आणि कापलेली फळं फिरत असतात, आणि कानावर जे पडतं ते दुकानाच्या छतातल्या स्पीकरमधलं गाणं असतं. विक्रेता फोर-के सांगतो, एचडीआर सांगतो, कड किती बारीक आहे ते बोट फिरवून दाखवतो. आवाज कसा आहे असं विचारणारं गिऱ्हाईक मला अजून दिसलेलं नाही. विचारलंच तर "वीस वॅट आहे साहेब, हॉल भरून जातो" एवढं उत्तर मिळतं आणि गाडी हप्त्यांवर येते.

मग तो टीव्ही घरी येतो आणि थोड्याच दिवसांत बाकीच्यांना साक्षात्कार होतो, की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला हल्ली कमी ऐकू येतं.

आमच्याकडे ते माणूस म्हणजे आई. "काय म्हणाली गं ती?" हे दर दोन संवादांमागे. आवाज वाढवत वाढवत चाळिसावर न्यायचा, तेवढ्यात जाहिरात लागायची की सगळे रिमोट शोधायला धावायचे. बायकोने सुचवलं, आईंचे कान एकदा तपासून घेऊ. घेतले. कागदावरच्या आलेखात उंच सुरांच्या बाजूला रेघ खाली उतरली होती, पण वयाच्या मानाने ठीक. मशीनची घाई नको, असं डॉक्टर म्हणाल्या. परतताना रिक्षात आईने रिक्षावाल्याशी त्याच्या मुलीच्या बारावीपासून सीएनजीच्या रांगेपर्यंत सगळ्या गप्पा मारल्या. उतरल्यावर मला म्हणाली, "याचं सगळं ऐकू येतं की मला. तुमचा टीव्हीच तोंडातल्या तोंडात पुटपुटतो."

तिचं म्हणणं मला पुरतं पटलं ते एका मैफलीमुळे. लहानपणी मी तबला शिकलो होतो. हात गेला, कान थोडाफार राहिला. एका रविवारी सकाळी टीव्हीवर गायन चाललं होतं. विलंबित संपून मध्यलयीतला तीनताल सुरू झाला आणि मला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चाचपडत शोधावी लागली. तीनतालात सोळा मात्रांपैकी नवव्या मात्रेला ‘खाली’ ही तालातली रिकामी जागा येते, तिच्यापुढे काही मात्रा डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा तबला, गप्प होतो, धिंचा तिं होतो, धाचा ता होतो. ऐकणारा ताल धरतो तो त्या घुमाऱ्याच्या असण्यानसण्यावर. आमच्या टीव्हीवर सोळाच्या सोळा मात्रा ता तिं तिं ता. तबलजीचा डावा हात पडताना दिसत होता, मनगट डग्ग्यावर घासलं जात होतं, पण घिस्सा ऐकू म्हणून येत नव्हता. अख्खा ताल खालीतच चालला होता. तीच मैफल नंतर मोबाईलला इअरफोन लावून ऐकली, तर डग्गा जागच्या जागी.

खर्जाला हवा लागते, आणि भरपूर लागते. सूर तेवढ्याच जोरात पण एक सप्तक खाली वाजवायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. दोन सप्तकं खाली गेलात तर सोळापट. यात कुठल्याही कंपनीचं काही चालत नाही. हवा ढकलायची तर पडदा मोठा हवा, त्याला मागेपुढे हलायला वाव हवा आणि पाठीमागे मोकळी पोकळी हवी. चपट्या टीव्हीत यातलं एकही नाही. दोन बोटं रुंदीचे, लांबट, उथळ असे दोन स्पीकर तळाच्या कडेला बसवलेले असतात. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या, अलीकडे-पलीकडे. तिथपर्यंत ते पोचतच नाहीत.

बोलताना पुरुषाचा मूळ सूरसुद्धा साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. मग बातम्या देणारा ऐकू कसा येतो? कारण कान हुशार आहे. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा यायचा, तरी पलीकडे काका आहेत की काकू हे ‘हॅलो’वरून कळायचं. मूळ सुरासोबत निघणारे वरचे उपस्वर मिळाले की खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. उजव्या तबल्यालाही ही सोय लागू पडते. मधल्या काळ्या शाईमुळे त्याचे उपस्वर मूळ सुराच्या पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवलं होतं, आणि ते उपस्वर टीव्हीच्या आवाक्यात येतात. म्हणून चाट, म्हणजे कडेवरचा बोल, खणखणीत वाजते. डग्गा मात्र बराचसा खालच्या सुरावरच उभा. तो सूर गेला की मागे नुसती थाप उरते.

पण आईची तक्रार डग्ग्याची नव्हती, शब्दांची होती. तिचं दुखणं दुसऱ्या टोकाला. स, श, फ, त ही व्यंजनं उंच कंपनांची आणि अंगाने नाजूक. उंच कंपनं टॉर्चच्या झोतासारखी सरळ जातात. तोंड जिकडे, तिकडेच. आणि या टीव्हीचे स्पीकर बघतात जमिनीकडे, नाहीतर मागच्या भिंतीकडे. म्हणजे शब्दांची धार आधी टेबलावर नाहीतर भिंतीवर आपटते आणि उरलंसुरलं सोफ्यापर्यंत येतं. खालचं टोक स्पीकरला जमत नाही, वरचं टोक भलतीकडे जातं, मध्ये राहतो तो नाकातला आवाज. वय वाढलं की कानाचीही आधी उंच सुरांचीच बाजू मंदावते. दोन्ही उणेपणा एकाच जागी येतात. ‘साठ’चं ‘आठ’ व्हायला फक्त एक स हरवावा लागतो, आणि आई सोन्याचा भाव बघत असते.

जुन्या टीव्हीचं कौतुक सांगायला बसलो नाही. आमच्याकडे सरकत्या लाकडी शटरचा होता. स्पीकर एकच, त्यालाही खरखर, आणि चित्र स्थिर ठेवायला कुणीतरी गच्चीत अँटेनापाशी उभं. पण चित्राच्या नळीला मागे लांबी लागायची म्हणून खोका खोल, आणि खोका खोल म्हणून स्पीकरच्या पाठीमागे आपोआप हवा. आवाजासाठी ती जागा कुणी मुद्दाम राखली नव्हती. स्पीकर पडद्याशेजारी, जाळीआडून थेट आपल्याकडे तोंड करून. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं मराठी घरांनी टीव्ही ऐकला तो बहुतेक असा समोरून. नळी गेली, तिच्याबरोबर ती फुकटची हवाही गेली, आणि त्याबद्दल कुणी दोन अश्रू ढाळल्याचं ऐकिवात नाही.

जुन्या टीव्हीच्या डोक्यावर आईचा क्रोशाचा रुमाल असायचा आणि त्यावर कन्याकुमारीहून आणलेला शंख. नव्या टीव्हीला डोकंच नाही. त्यामुळे रुमाल टीव्हीखाली, युनिटवर अंथरला गेला. शंखाच्या जोडीला नातवाचा फोटो आला, मनी प्लांटची बाटली आली, आणि ही सगळी मंडळी बरोब्बर स्पीकरच्या तोंडाशी बसली. शिवाय टीव्ही युनिटवर आत ढकललेला, म्हणजे पुढे वीतभर लाकूड. बॅटरी लावून खालून बघितलं तेव्हा स्पीकरच्या बारीक छिद्रांत क्रोशाचा दोरा अडकलेला दिसला.

रुमाल काढला आणि टीव्ही युनिटच्या पुढच्या कडेला आणला, आणखी काही केलं नाही. ‘स’ परत आला. सगळा नाही, पण ‘साठ’ आणि ‘आठ’ निराळे ऐकू यायला लागले. रुमालाची बदली कुठे करायची यावर घरात जी चर्चा झाली ती या लेखाच्या कक्षेबाहेरची आहे.

त्यानंतर सेटिंग. हा भाग कंटाळवाणा आहे, पण फुकट आहे. आवाजाच्या मेनूत ‘स्टँडर्ड’, ‘मूव्ही’, ‘म्युझिक’ यांच्यासोबत कुठेतरी ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तत्सम नावाचा पर्याय असतो. तो बोलण्याचा पट्टा उचलून धरतो. ‘सराउंड’ नावाचं जे काही असेल ते बंद करायचं. एवढ्याशा दोन स्पीकरांतून चौफेर आवाजाचा भास निर्माण करताना शब्दांचा लगदा होतो. बास वाढवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होतो, पण इथे उलटं करावं लागतं. जो सूर त्या स्पीकरला काढताच येत नाही तो त्याच्याकडून मागितला की मागचं प्लॅस्टिक थरथरतं आणि बोलणं आणखी गढूळ होतं. बास दोन-तीन घरं खाली आणला की आवाज किरकोळ वाटतो, पण कळतो. जाहिरातींच्या दणक्यावर ‘ऑटो व्हॉल्यूम’ हा उतारा आहे. मैफल ऐकताना मात्र तो बंद ठेवावा, नाहीतर गायकाने जपून लावलेला हळू सूरही तो उचलून मोठा करतो.

ओटीटीवरच्या सिनेमांचं प्रकरण निराळं. तिथे बोलणं कुजबुजीत आणि गोळीबार कानठळ्या बसवणारा, ही तरुण मंडळींचीही तक्रार असते. सिनेमाचा आवाज मुळात थिएटरसाठी बांधलेला असतो. ५.१ म्हणजे पाच अधिक एक अशा आवाजाच्या स्वतंत्र वाटांपैकी मधली वाट प्रामुख्याने संवादांची, पडद्यामागच्या स्वतंत्र स्पीकरसाठी. घरच्या टीव्हीला ती वाट नाही, म्हणून संवाद दोन्ही बाजूंत वाटून दिले जातात आणि त्याच दोन स्पीकरांतून पार्श्वसंगीत, पाऊस आणि हेलिकॉप्टरही निघतं. नेटफ्लिक्स संवादांची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएसवर (आवाजाची पातळी मोजायचं एकक) ठेवायला सांगतं. कमाल पातळीपासून इतकं खाली संवाद ठेवले की वर स्फोटांना भरपूर मोकळी जागा मिळते, आणि स्फोट ती वापरतात. काही ॲपमध्ये भाषेच्या यादीत एकाच भाषेपुढे ५.१ आणि साधा स्टिरिओ असे दोन पर्याय दिसतात. टीव्हीच्याच स्पीकरवर बघायचं असेल तर साधा निवडावा. पेटीवर डॉल्बीचं चिन्ह आहे म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. तो सिग्नल उलगडण्याची अक्कल टीव्हीला आहे, एवढंच ते चिन्ह सांगतं. उलगडलेलं वाजवायला गळा आहे का, याबद्दल ते काही बोलत नाही. खुद्द रे डॉल्बी १९६३ ते १९६५ युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते आणि इथून लंडनला जाऊन त्यांनी कंपनी काढली. तिचं पहिलं काम आवाज मोठा करण्याचं नव्हतं, टेपची खरखर कमी करण्याचं होतं.

खोलीकडे माझं लक्ष जरा उशिराच गेलं. आमचा हॉल म्हणजे खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, बाल्कनीला सरकती काच, भिंती गुळगुळीत, वर पीओपी. टाळी वाजवली की शेवटाला झणझण उरते. प्रत्येक अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर पडतं. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे अशीच एक तक्रार आली होती. फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्ता काय बोलतो ते कळत नव्हतं. एकदा काढलेला आवाज पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राहायचा. सबाइनने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडत गेला, घुमणं किती कमी होतं ते मोजत गेला, आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवल्या. सभागृहाच्या आवाजाचं शास्त्र त्या गाद्यांवर उभं आहे. आमच्याकडे एवढं करायची गरज पडली नाही. माळ्यावरची जुनी सतरंजी सोफ्यापुढे पसरली आणि काचेवर जाड पडदा आला. टाळीची झणझण ओसरली. नवीन घरांच्या अंतर्सजावटीत कापड हा पदार्थ जुनाट ठरवून बाद केलेला आहे, त्याची किंमत टीव्ही बघताना मोजावी लागते.

आणि पंखा. पाचावर फिरणारा छताचा पंखा सतत एक सू सू धरून असतो, आणि नाजूक व्यंजनं त्याच्याआड लपतात. मे महिन्यात पुण्यात हा सल्ला कुणी मानणार नाही, हे मला मान्य आहे.

इथवर बोलणं सुधारलं. डग्गा यायचा होता. त्याला या सगळ्याने फरक पडत नाही. त्याला स्पीकरचा मोठा पडदा आणि पेटीच लागते. माळ्यावर सतरंजीच्या शेजारी आमच्या जुन्या म्युझिक सिस्टीमचे दोन लाकडी पेटीचे स्पीकर होते. त्या काळात खोक्यांवर हजार वॅट पीएमपीओ छापायची पद्धत होती, या मोजमापाला कुठलंच प्रमाण नसल्यामुळे कुणीही काहीही छापायचं. आमचे स्पीकर त्या हिशेबाने राक्षसी आणि खऱ्या हिशेबाने साधेसुधे होते. जाळी काढली तर कागदी कोन शाबूत, पण त्याच्या कडेची फोमची कड बोट लावताच भुगा होऊन पडली. या फोमचं हे ठरलेलं दुखणं, दमट हवेत तो काही वर्षांत विटतो. स्पीकर पिशवीत घालून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने कोनावर दोन बोटं ठेवून तो अलगद आत दाबला, कान जवळ नेऊन ऐकला आणि म्हणाला, "कॉइल घासत नाहीये. नुसती कड गेलीय. कड बदलू, फेकू नका." बोटांनी तपासणारी ही जमात आता फार उरलेली नाही.

जोडणीत थोडी खटपट आहे. नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या पिनांचं आउटपुट बहुधा नसतंच. मागे चौकोनी झडपेचं ऑप्टिकल असतं (१९८३ साली तोशिबाने आणलेलं, अजून टिकून आहे), त्याला एक छोटा कन्व्हर्टर लावायचा आणि तिथून पिना ॲम्प्लिफायरला. हे करूनही काहीच वाजत नाही आणि माणूस कन्व्हर्टर परत करायला निघतो. तेव्हा टीव्हीच्या मेनूत जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवावं. साध्या कन्व्हर्टरला दुसरी भाषा येत नाही. ब्लूटूथने वायरची कटकट वाचते, पण आवाज ओठांच्या मागून येतो. गाण्याला चालतं, बातमीदाराकडे बघवत नाही.

ज्यांच्या माळ्यावर असं काही नाही त्यांच्यासाठी साउंडबार आहेच, आणि मी त्याच्या विरोधात नाही. एचडीएमआयच्या ज्या भोकापुढे एआरसी लिहिलंय तिथे तो जोडला की टीव्हीच्याच रिमोटने त्याचा आवाज कमीजास्त होतो. आईच्या दृष्टीने बाकी सगळ्यापेक्षा ही सोय मोठी. घ्यायचाच तर मधला स्पीकर स्वतंत्र असलेला घ्यावा, शब्द तिथून येतात. सोबतच्या सबवूफरचा ठोकळा कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो आणि खालच्या मजल्यावर जातो, सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर तुमचं नाव येतं. २०१७ साली सोनीने ओलेडचा पडदाच थरथरवून त्यातून आवाज काढायचं तंत्र आणलं. बोलणाऱ्याच्या तोंडातूनच आवाज येतो, कल्पना सुरेख आहे, पण खिशाला परवडणाऱ्या टीव्हीत ती अजून उतरलेली नाही.

आमचे स्पीकर आता टीव्हीच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीवर, समोर तोंड करून आहेत. दिसायला ओबडधोबड. डग्गा आलाय, तीनतालातली खाली आता बघावी लागत नाही. आवाजाचा आकडा वीसच्या खाली आलाय आणि आई मालिका बघत असताना मी शेजारच्या खोलीत वाचू शकतो. रात्री अगदी हळू लावलं तर डग्गा पुन्हा थोडा मागे सरतो, पण तो दोष स्पीकरचा नाही. कमी आवाजात कानालाच खर्ज कमी ऐकू येतो, हे १९३३ सालीच बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून ठेवलंय. जुन्या डेकवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते याचसाठी. आमच्या ॲम्प्लिफायरला ते आहे. रात्री ते दाबतो.

परवा मेव्हण्याचा फोन आला, कोणता साउंडबार घेऊ म्हणून. त्याच्या सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं म्हणे. मी विचारलं, टीव्ही भिंतीवर आहे की युनिटवर, स्पीकर खाली बघतात की मागे, एआरसीचं भोक मोकळं आहे की त्यात आधीच काही खुपसलंय? तो बघून सांगतो म्हणाला आणि थोड्या वेळाने फोटो पाठवला. इंटीरिअरवाल्याने भिंतीत खोबणी करून टीव्ही आत बसवलाय, चारही बाजूंनी सागाची पट्टी, खालच्या फटीत बोटही जात नाही. मागची भोकं बघायची तर आधी सुताराला बोलवावं लागणार आहे, आणि तो गावी गेलाय.